शेवटचा वाटा आमचा

आमच्या गल्लीत आषाढात टेंबलाईच्या जत्रेला मटणाचे वाटे होतात. पंचगंगेला नवं पाणी आलं की कळशा भरायच्या, वाजतगाजत टेकडीवर जाऊन देवीच्या पायरीवर ओतायच्या आणि परत आल्यावर वर्गणीतून आणलेल्या बकऱ्यांचा घरटी एक वाटा. कोल्हापुरात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण गल्लीत बिल्डिंग झाली, बाहेरची माणसं राहायला आली, ती विचारतात, म्हणून आधी सांगून टाकलं.

हे वाटे गेली बत्तीस वर्षं मी घालतो.

मी चौथी शिकलो आणि पुढं फौंड्रीत गेलो. मोल्डर होतो. काळ्या वाळूत साचा दाबायचा, मग त्यात वितळलेलं लोखंड ओततात. वाळू किती ओली पाहिजे हे सांगणारं यंत्र तेव्हा नव्हतं. मूठभर उचलायची, दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले तर वाळू बरोबर. त्याच हातानं मी वाटे घालायला लागलो. तराजू कधी लागला नाही. प्रत्येक वाट्यात मांडीचं थोडं, बरगडीजवळच्या चापेचं थोडं, मानेचं, काळजाचा तुकडा, चरबी, पोटातली जराशी वजडी. चोखायच्या नळ्या काही घरं मोजून निघत नाहीत. मग ज्याला नळी नाही त्याला काळीज जरा जास्त. ज्याला हाड मोठं गेलं त्याला वर एक बोटी. तराजूला हे कळत नाही. त्याला किलोभर हाड आणि किलोभर मांडी सारखीच.

वाटे मांडून झाले की एकानं त्यांच्याकडं पाठ करून उभं राहायचं. मी एका वाट्यावर काठी टेकवायची आणि विचारायचं, "ह्यो कुणाचा?" पाठमोऱ्या माणसानं घर पुकारायचं. "गिरणीवाल्यांचा!" "रिक्षावाल्यांचा!" त्याला वाटा दिसत नाही, म्हणून तक्रारीला जागा नाही.

तरी एकदा तक्रार झालीच. पुकारणारा होता गिरणीवाल्याचा भाऊ, आणि नेमका दोन नळ्यांचा वाटा गिरणीवाल्याला गेला. लगेच आरडाओरडा. म्हणे मी खोकून खूण केली. मला फौंड्रीच्या धुळीनं बारा महिने खोकला. मी काय नळ्या बघून खोकत होतो? बाह्या वर झाल्या. तेव्हा माझी बायको उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. सूप खाली ठेवून ती सरळ मधे आली.

"मी पुकारतो," म्हणाली. आमच्याकडच्या बायका येतो-जातो असंच बोलतात. "आन आमचं घर शेवटी. उरंल ते आमचं. मग तर झालं?"

"वहिनी, बाई मानूस कवा पुकारती व्हय?" कुणीतरी हसलं.

बकरी कापायला येणारे खाटीक चाचा सुरी पुसत म्हणाले, "बाई मानूस शिजवती तवा चालतंय की रे तुला? वैनी बराबर बोलत्यात."

तेव्हापासून तीच पुकारायची. घरी आल्यावर मला म्हणाली, "आता घाला एकांदा वाईट वाटा. आपल्याच ताटात येतोय का न्हाई बघा." आणि खरंच, त्या दिवसापासून माझा हात जास्तच नीट चालायला लागला. काठी कुठल्या टोकानं सुरू करायची ते गल्लीतली पोरं ठरवायची, म्हणून कुठला वाटा शेवटी उरेल सांगता येत नव्हतं. वाईट घालायला वावच नव्हता.

दुसरी एक तिची सवय होती. मी वाटे मांडत आलो की घरं मोजायचो, पण बाहेरची. आपलं घर माझ्या मोजणीत कधी यायचंच नाही. ती मागनं येऊन विचारायची, "आन आमचा?" मग मी प्रत्येक वाट्यातनं चिमूट-चिमूट उचलून एक जादा वाटा उभा करायचो. दरवर्षी हेच. दरवर्षी सगळे हसायचे.

माघात ती गेली. फुप्फुसात पाणी झालं होतं. शेवटचे दोन महिने ती खाटेवर होती. मला तिचं अंग पुसता येत नव्हतं, केस विंचरता येत नव्हते. ते सगळं समोरच्या खोलीतली शिलाईवाली करायची. तिचा नवरा हॉटेलात काम करतो म्हणून गोव्याला गेला तो तिकडचाच झाला. पोरगी नर्सिंगला आहे. दिवसभर मशीन चालवून ही बाई संध्याकाळी आमच्याकडं यायची. माझ्या बायकोचं माहेर आजऱ्याकडचं. लहानपणी काजू फोडून फोडून तिच्या बोटांवर काळे डाग पडलेले, ते म्हातारपणीही गेले नाहीत. शिलाईवाली ती बोटं तेलानं चोळायची आणि म्हणायची, "मावशी, आता तर निघू द्या की ह्ये डाग." बायको म्हणायची, "निघाल्यावर मला वळखणार कोण?"

आता शहराविषयी. शहर वाढलं, खोटं कशाला बोलू. मी फौंड्रीत लागलो तेव्हा शेड एक आणि माणसं चाळीस. मालक हातकणंगल्याकडचे जैन, घरची शेती सोडून धंद्यात आलेले. बारा वाजले की आमच्याबरोबर वाळूच्या ढिगावर बसून भाकरी खायचे. त्यांच्या डब्यात कांदा-लसूण नसायचा, एवढाच काय तो फरक. मी सुटलो तेव्हा शेड सात झाल्या होत्या आणि माणसं पुन्हा चाळीसच. साचे मशीन दाबतं. मालकाच्या पोरानं मला शाल दिली, नारळ दिला, आपल्या गाडीतून घरापर्यंत सोडलं. माणसं वाईट नाहीत, पुन्हा सांगतो. पण माल दहापट जायला लागला, तेव्हा माझ्या घरात काय दहापट आलं असं कुणी विचारलं तर एक पंखा वाढला आणि बायकोची गुडघेदुखी. पेन्शन सतराशे चाळीस येते.

यावरनं आमचं नवरा-बायकोचं बोलणं व्हायचं. ती म्हणायची, "आपलं कुठं कमी झालंय? बाजूच्याचं वाढलं म्हणून आपलं कमी दिसतंय."

मी म्हणायचो, "दिसत न्हाई, हायच कमी. पैलं मटण हप्त्याला आणत हुतो, आता म्हैन्याला. ह्ये काय डोळ्याचा दोष हाय व्हय?"

"पैलं छत गळत हुतं, आता गळत न्हाई. त्ये बी मोजा."

तिचं खरं की माझं, हे आमचं शेवटपर्यंत मिटलं नाही. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडतो. छत गळत नाही. घरात गॅस आहे. पोरगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्याच्या एका महिन्याच्या पगारात माझी पाच-सहा वर्षं गेली असती. मग वाढलं म्हणावं का? म्हणावं. पण त्याच गल्लीत शिलाईवाली सात वर्षं फॉल-पिकोचा भाव वाढवू शकली नाही. चारचाकी घेऊन आलेली बाई तिच्या दारात उभी राहून दहा रुपयासाठी घासाघीस करते आणि म्हणते, महागाई किती झाली बघ. महागाई दोघींना एकच. सोसायची कुणी, ते मात्र ठरलेलं.

यंदा जत्रेच्या आधी मंडळाचा अध्यक्ष घरी आला. जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा त्याचा धंदा आहे. माझ्यासमोर चड्डीत फिरलेला पोरगा, आज हातात दोन फोन. खाली बसला, बायकोच्या फोटोला हात जोडले, मग म्हणाला, "आबा, यंदा वर्गणी पंधराशे."

"गेल्या साली हजार हुती."

"बकऱ्याचा भाव इचारा की चाचांना. आन यंदा शिस्टीम काढलीय. ज्याला पायजे त्यानं तीन हजार द्यायचं, त्याला डबल वाटा. बिल्डिंगीतल्या सात घरांनी दिलं बी."

"डबल वाटा?" मी म्हणालो. "आयुष्यात ऐकला न्हाई."

"आबा, ह्यात चुकलं काय सांगा. डबलवाली हायत म्हणून सिंगल पंधराशेत बसतंय. न्हाईतर बँडाचा खर्च, मांडवाचा खर्च, समद्यास्नी दोन-दोन हजार पडलं असतं."

त्याचा हिशेब मला खोडता आला नाही. आजही येत नाही. ज्याच्याकडं जास्त आहे त्यानं जास्त दिलं, जास्त नेलं आणि बाकीच्यांना थोडं स्वस्त पडलं. कुणाचं नुकसान? मग तो म्हणाला, "आन तुमचं काळजी करू नगा. तुमच्या पोरानं तीन हजार फोनवरनंच टाकल्यात. तुमचं डबल हाय."

मला न विचारता. पोराला वाटलं असेल, आईच्या माघारी बाबाला जत्रेला कमी पडू नये. मी एकटा माणूस. सकाळी भात लावला तर संध्याकाळी शिळा खातो. मला दोन वाटे.

"शिलाईवालीचं?" मी विचारलं.

त्यानं फोनमधली यादी वरखाली केली. "तिचं नाव काढलंय. गेल्या साली बी दिली न्हवती, यंदा बी न्हाई. पोरीची फी हाय म्हणती. आता आबा, एकाला फुकट दिला तर समदी मागत्यात."

"माझ्या दोनातला एक तिचा धर."

"व्हय की. तुमचं मटान, तुमी काय बी करा. घरी न्या आन द्या तिला."

"घरी न्हेऊन न्हाई. तिथं तिचं घर पुकारायचं."

तो हसला. "आबा, मटान त्येच की. हितं दिलं काय, तितं दिलं काय?"

"घरी न्हेऊन दिलं तर ती भीक. पुकारून मिळाला तर वाटा. तुला कळत नसंल तर यंदा वाटं तूच घाल. तराजू इकत आण, पिशव्या भर."

त्याला वाटे घालता येत नव्हते, आणि कुणालाच येत नव्हते, हे त्याला माहीत होतं. "बरं बाबा, पुकारा," म्हणाला आणि उठला. दारातनं वळून म्हणाला, "पण आता मावशी न्हाईत. पुकारणार कोण?"

याचा मी विचारच केला नव्हता.

शिलाईवालीकडं गेलो तर ती ऐकेना. मशीन चालू ठेवूनच म्हणाली, "आबा, मला फुकटाचा वाटा नगं. पंधरा दिस मटान न्हाई खाल्लं म्हणून कोण मरत न्हाई."

"फुकट कुठं हाय? काम हाय."

"काय काम?"

"पुकारायचं. पाठ करून."

मशीन थांबलं. "मावशीचं काम?"

"तिचंच. आन नेम बी तिचाच. पुकारणाऱ्याचं घर शेवटी."

तिनं दोरा गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "मला समद्यांची घरं ठावं हायत. अख्ख्या गल्लीची मापं माज्या वहीत हायत. कोण जाड झालंय, कोण बारीक झालंय, सांगू पुकारताना?"

ती बाई हसली, म्हणून मीही हसलो. माघानंतर पहिल्यांदा असेल.

जत्रेच्या दिवशी पाणी घालून माणसं परत आली. पी-ढबाक वाजंत्री गल्लीच्या तोंडावर थांबली. चाचांनी दुपारीच काम उरकलं होतं. ते मजुरी घेत नाहीत, एक वाटा घेतात, त्यांच्या बापापासनं तसंच आहे. ताडपत्री अंथरली. पूर्वी केळीची पानं असायची. मी गुडघ्यावर बसलो आणि वाटे घालायला लागलो. कंबर धरली होती, पण हात चालत होता. डबलवाल्यांचेही मी मोठे ढीग केले नाहीत. एकेकाचे दोन-दोन वाटे मांडले, बाकीच्यांसारखेच. एक बिल्डिंगवाला वाकून फोटो काढत म्हणाला, "अंकल, वजन केलं नाही तर कसं कळणार बरोबर आहे ते?"

मी म्हणालो, "पाठ करून पुकारलं की कळंल."

त्याला काही समजलं नसावं.

मांडून झालं. मी घरं मोजली. शिलाईवाली डोक्यावर पदर घेऊन वाट्यांकडं पाठ करून उभी राहिली. बायको नेमकी तिथंच उभी राहायची, गिरणीच्या पायरीपाशी. माझ्या हातातली काठी क्षणभर हवेतच राहिली. मग टेकवली.

"ह्यो कुणाचा?"

"गिरणीवाल्यांचा!" आवाज बारीक आला.

"मोठ्यानं गं," चाचा म्हणाले. "ब्लाऊज मागाया आलीयास व्हय?"

"रिक्षावाल्यांचा!" आता गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मग पेंटरचा, चाचांचा, बिल्डिंगीतल्यांचे तर नंबरच. "तीनशे दोन! तीनशे दोन परत!" डबलवाल्यांचं नाव दोनदा पुकारताना माणसं हसत होती. ज्यांचं घर पुकारलं जाई ते येऊन पिशवीत वाटा भरून निघून जात. ताडपत्री रिकामी होत चालली. मी एकेक सरकत होतो. सरकता सरकता शेवटच्या वाट्यापाशी आलो आणि थांबलो.

एकच वाटा राहिला होता. घरं दोन.

मला तेव्हाच कळलं. मी मोजताना आपलं घर धरलंच नव्हतं. बत्तीस वर्षांत कधी धरलं नव्हतं. यंदा मागनं येऊन "आन आमचा?" असं कुणी विचारलं नव्हतं.

शिलाईवालीला ते दिसत नव्हतं. तिला वाटलं, अजून दोन आहेत. मी काठी टेकवली. मनात म्हणत होतो, आपलं नाव घे बाई, आपलं घे.

"ह्यो कुणाचा?"

"आबांचा!" ती म्हणाली. पुकारणाऱ्याचं घर शेवटी, हा नेम तिनं पाळला. मग वळली. रिकामी ताडपत्री बघितली, माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड उतरलं. "असू दे आबा," म्हणाली आणि घराकडं निघाली.

"थांब," मी म्हणालो. "चूक माझी हाय. मोजताना आपलं घर सोडलं मी."

अध्यक्ष पुढं आला. वाईट त्यालाही वाटलं होतं. "आबा, मी आत्ता दुकानातनं किलोभर आणतो. पाच मिन्टात."

"दुकानातलं मटान म्हंजे मटान. वाटा न्हवं त्यो."

ज्यांचे वाटे घेऊन झाले होते त्यातली चार माणसं अजून पिशव्या धरून उभी होती. मागितलं असतं तर चिमूट-चिमूट दिलंही असतं बहुतेक. बायको असती तर हात पुढं करून घेतलंच असतं. मला मागवेना. मी खाली बसलो आणि उरलेल्या एका वाट्याचे दोन केले. त्यात एकच नळी होती. ती एकीकडं, काळीज सगळं दुसरीकडं. चरबी मोडून निम्मी-निम्मी. इतका बारीक वाटा मी जन्मात घातला नव्हता. चाचा शेजारी उकिडवे बसून बघत होते. ते म्हणाले, "हिकडं एक बोटी जास्त झालीया." मी ती काढून तिकडं टाकली.

"फीर," मी शिलाईवालीला म्हणालो.

"आता कशाला आबा? दोनच तर हायत."

"दोन असू दे न्हाईतर दोनशे. फीर."

ती फिरली. मी काठी टेकवली. नळीच्या बाजूला. "ह्यो कुणाचा?"

ती म्हणाली, "आबांचा."

"आन ह्यो?"

वाजंत्रीवाले बिड्या ओढत बघत होते. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "शिलाईवाल्यांचा." मग परत, मघापेक्षा मोठ्यानं, "शिलाईवाल्यांचा!"

चाचांनी स्वतः उचलून तिच्या पातेल्यात घातला.

संध्याकाळी पोराचा फोन आला. "बाबा, डबल वाटा मिळाला ना?"

"अर्धा मिळाला."

"अर्धा? मी तीन हजार पाठवलेत! थांबा, मी त्या अध्यक्षाला फोन लावतो."

"लावू नगंस. मी आपलं घर मोजायचं इसरलो."

"आपलं घर कसं काय विसरता तुम्ही?"

"त्ये तुझी आई मोजत हुती."

पलीकडं गाड्यांचे आवाज तेवढे येत होते. मग त्यानं विचारलं, "जेवलात का?"

"जेवलो. शिलाईवालीनं दोन्ही वाटं एकाच पातेल्यात घातलं. तिची पोरगी, ती आन मी."

"चांगला झाला होता रस्सा?"

"मीठ कमी हुतं," मी म्हणालो. "दोनदा घेतला."